बाळाची निवड आणि थोरांचा धीर

बाळाला पहिला घांस भरविण्याचा, म्हणजे उष्टावणाचा, दिवस ज्या घरीं उजाडतो, त्या घरीं एक गमतीचा प्रकार अजूनहि कोठें कोठें होतो. चटईवर पोथी, लेखणी, सोन्याचा दागिना, एखादें हत्यार, थोडें धान्य अशा वस्तू मांडतात आणि बाळाला त्यांच्यासमोर सोडतात. ज्या वस्तूला बाळाचा हात प्रथम लागेल, तीवर त्याची पुढें उपजीविका चालेल, अशी समजूत. आमच्या धर्मनिबंधकारांनीं यासच जीविकापरीक्षा असें नांव दिलें आहे. त्या वेळीं जमलेल्या मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आजोबा लेखणी बोटानें हळूच बाळाकडे सरकवीत असतात, मामा दागिना उजेडांत धरून चमकवितो, आणि बाळ या सर्वांकडे दुर्लक्ष करून चटईची सुटलेली काडी मुठींत धरतें व तोंडाकडे नेतें!

ही हौस केवळ आमचीच नव्हे. चीन देशांत पहिल्या वाढदिवशीं बाळापुढें अशाच वस्तू मांडतात. कोरियांत पुस्तक, कुंचला, पैसे आणि दीर्घायुष्याचें चिन्ह म्हणून सुताची लड ठेवतात. आर्मेनियांत पहिला दांत दिसला कीं हाच समारंभ होतो. अठराव्या शतकांतील एका प्रसिद्ध चिनी कादंबरींत तर नायकानें पहिल्या वाढदिवशीं स्त्रियांच्या शृंगाराच्या वस्तूंना हात घातला आणि तेव्हांपासून बापाचें मन त्याच्याविषयीं जें कलुषित झालें तें झालेंच. इतक्या दूरदूरच्या समाजांना एकच कल्पना सुचावी, यावरून थोरांच्या मनाचा एक धर्म दिसून येतो. मुलाचा हात कोठें वळतो हें जाणण्याची आम्हां सर्वांनाच घाई असते. बाळ मात्र त्या वेळीं कांहींच निवडीत नसतें; तें धुंडाळीत असतें. या धुंडाळण्यांतून पुढें निवड कशी उपजते, आणि निरनिराळ्या देशांतील आईबाप या दोहोंच्या मध्यें कसे उभे राहतात, याविषयीं या महिन्यांत चार शब्द लिहावे असें मनांत आहे. त्याला घरांतीलच एक कारण घडलें. तेंहि पुढें सांगूं.

बाळाचें धुंडाळणें हा निव्वळ चाळा नव्हे, हें स्वित्झर्लंडमधील पंडित झां पियाजे यांनीं स्वतःच्या तीन मुलांच्या पाळण्याशेजारीं बसून दाखवून दिलें. त्यांचा या विषयावरील प्रसिद्ध ग्रंथ १९३६ सालचा. पांच-सहा महिन्यांच्या बाळासमोर एखादी वस्तू फडक्याखालीं झांकली, तर तें ती शोधीत नाहीं. आठ महिन्यांच्या सुमारास तें फडकें ओढून पाहूं लागतें. वर्षाचें झालें कीं हातांतील वस्तू एकदां वरून, एकदां खालून, एकदां बाजूनें टाकून ती कोठें पडते, कशी वाजते, हें पाहतें. आईला वाटतें, मूल मुद्दाम छळतें आहे. वस्तुतः तें एकाच वेळीं एकच गोष्ट बदलून परिणाम तपाशीत असतें, आणि प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञ याहून वेगळें कांहीं करीत नाहीं.

पुढें चार वर्षांच्या वयांतहि हीच वृत्ति राहते. अमेरिकेंतील ओहायो येथील एका प्रयोगाचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पडद्यावर चार काल्पनिक प्राणी दाखवीत. त्यांतील एक नेहमीं १ गोळी देई, दुसरा २, तिसरा ३ आणि चौथा १०. प्रौढ माणसांनीं दहा गोळ्यांचा प्राणी ओळखला आणि शंभरांतून सुमारें ८६ वेळां त्यालाच पसंत केलें. चार वर्षांच्या मुलांनीं मात्र त्याला ४३ वेळांच निवडलें. उरलेल्या वेळीं तीं इतर प्राण्यांकडे आळीपाळीनें जात राहिलीं. त्यांना कळलें नव्हतें म्हणावें, तर तेंहि नाहीं. सर्वांत अधिक कोण देतो, हें नंतर विचारल्यावर बहुतेकांनीं बिनचूक सांगितलें. दहा मिळतात हें ठाऊक असूनहि ‘तिकडे आतां काय असेल’ हें पाहण्याची ओढ त्यांना अधिक होती. मानसशास्त्रज्ञ अॅलिसन गॉपनिक यांचें प्रतिपादन असें आहे, कीं मनुष्यप्राण्याला इतकें लांबलचक बालपण लाभलें आहे तें याचसाठीं. पोटाची चिंता दुसऱ्यांनीं वाहावी आणि मुलानें जग चांचपून घ्यावें. मोठेपणीं निवड करावी लागेल, तिची सामग्री याच वयांत गोळा होते.

आतां घरांतील कारण सांगतों. आमचा नातू अडीच वर्षांचा आहे. त्याच्यासाठीं आम्हीं हौसेनें एक लाकडी पेटी आणली. तिला एक घंटा, एक लहानसा खण, एक आरसा आणि एक फिरती मूठ आहे. पेटी उघडल्याबरोबर आम्ही त्याच्याजवळ बसलों आणि घंटा वाजवून म्हणालों, “हें बघ बाळ, हें असें वाजवायचें.” नातवानें घंटा वाजविली. आम्हीं टाळ्या पिटल्या. आठ दिवस त्यानें घंटाच वाजविली आणि नवव्या दिवशीं पेटी पलंगाखालीं गेली. पुढें शेजारची त्याच्याच वयाची मुलगी आईबरोबर आली असतां तिनें ती पेटी ओढून काढली. तिला कोणीं कांहीं दाखविलें नव्हतें. अर्ध्या घटकेंत तिनें खण शोधला, आरसा शोधला आणि मूठ उलटसुलट फिरवून पाहिली. आमचा नातू बाजूला उभा राहून पाहत होता, थोड्या वेळानें आमच्याकडे वळून विचारता झाला, “आजोबा, मी उघडूं?”

हा प्रश्न आम्हांला बोंचला. मग लक्ष ठेवून पाहिलें, तर दोन लाडूंतून एक घ्यावयाचा असला तरी त्याची नजर प्रथम आमच्या तोंडाकडे जाते, असें आढळलें. सूनबाईजवळ बोललों, तेव्हां ती शांतपणें म्हणाली, “बाबा, तुम्ही त्याला कांहीं सांपडूंच देत नाहीं. सगळें आधींच सांगून टाकतां.” तिचें बोलणें प्रथम रुचलें नाहीं. ज्यानें सारा जन्म लिहिण्याशिकविण्यांत घालविला, त्याला शिकविणें हाच दोष ठरावा, हें कसें रुचावें? परंतु वाचन केल्यावर मान खालीं घालावी लागली.

अमेरिकेंत एलिझाबेथ बोनाविट्झ, लॉरा शुल्झ आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग जणूं आमच्या पेटीवरच केलेला आहे. अनेक गमती दडलेलें एक खेळणें त्यांनीं बालवर्गाच्या वयाच्या मुलांना दिलें. कांहीं मुलांना शिक्षिकेनें ‘हें असें चालतें’ असें म्हणून त्यांतील एकच गंमत मुद्दाम दाखविली. कांहींच्या बाबतींत तीच गंमत चुकून हात लागल्यासारखी घडविली. कांहींना मुळींच कांहीं दाखविलें नाहीं. ज्यांना मुद्दाम शिकविलें, तीं मुलें ती एकच गोष्ट करीत राहिलीं आणि लौकर थांबलीं. इतरांनीं दडलेल्या दुसऱ्या गमती अधिक शोधल्या. येथें मुलें मंद ठरत नाहींत. त्यांचें अनुमान अगदीं सरळ असतें: दाखविणारीला सर्व ठाऊक आहे, आणखी कांहीं असतें तर तिनें दाखविलें असतें. म्हणजे आमच्यावरील विश्वासामुळेंच मूल शोध थांबवितें. शिकविण्याचा लाभ हा, कीं दाखविलेली गोष्ट मूल झटकन् उचलतें. आणि हानि ही, कीं न दाखविलेल्या गोष्टीकडे तें वळत नाहीं.

मग मुलाला शिकवूंच नये काय? प्रश्न शिकविण्या-न शिकविण्याचा नसून, जवळ कसें बसावें याचा आहे. आणि या जवळ बसण्याच्या रीती देशोदेशीं फार भिन्न आहेत. बार्बारा रोगॉफ, जयंती मिस्त्री, आर्टिन गोन्जू आणि क्रिस्टीन मोझिअर यांनीं १९९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत एक ते दोन वर्षांच्या मुलांचीं चार ठिकाणचीं घरें पाहिलीं: ग्वाटेमालांतील सान पेद्रो हें माया लोकांचें गांव, अमेरिकेंतील सॉल्ट लेक सिटी, तुर्कस्तानांतील केचिओरेन ही मध्यम वर्गाची वस्ती आणि आमच्याच देशांतील ढोल की पट्टी ही आदिवासी वस्ती. प्रत्येक ठिकाणीं १४ कुटुंबें. मुलांपुढें दोरी ओढली कीं हातपाय हलविणारी बाहुली, भरतकामाची लाकडी कडी अशा अनोळखी वस्तू ठेवून वडील माणसें काय करतात, हें पाहिलें.

सॉल्ट लेक सिटी आणि केचिओरेन येथील आया आमच्यासारख्याच निघाल्या. त्या बोलून शिकवीत, खोटें आश्चर्य दाखवून मुलाचें लक्ष वेधीत, प्रश्न विचारीत, शाबासकी देत. जणूं घरांतच लहानसा वर्ग भरला आहे. सान पेद्रो आणि ढोल की पट्टी येथील आया वस्तू मुलाच्या हातीं देत आणि सावध बसून राहत. मूल अडलें कीं हाताच्या खुणेनें, नजरेनें, अंगाच्या किंचित् हालचालीनें मदत करीत, आणि त्याच वेळीं दुसऱ्या मोठ्या माणसाशीं आपलें बोलणें किंवा कामहि चालू ठेवीत. त्यांचीं मुलेंहि एकाच वेळीं दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवण्यांत तरबेज दिसलीं. आम्हांला यांतील एक शब्द मोलाचा वाटला, तो म्हणजे ‘सावध’. त्या आया उदासीन नव्हत्या. मदत हाताशीं होती, पण मागितल्यावांचून पुढें होत नव्हती.

सान पेद्रोचीच आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मोझिअर आणि रोगॉफ यांनीं २००३ सालीं तेथील आणि सॉल्ट लेक सिटींतील घरांची तुलना प्रसिद्ध केली. दीड वर्षाच्या आसपासचें मूल आणि तीन ते पांच वर्षांचें भावंड यांना एकच वस्तू हवी असली, तर काय होतें? अमेरिकन आई बहुधा न्यायाधीश होते: ‘आतां तुझी पाळी, मग त्याची पाळी.’ नियम दोघांना सारखाच. सान पेद्रोंत लहानग्याला वस्तू मिळते, आणि विशेष हें, कीं थोरलें भावंड बहुधा आपण होऊन ती देतें. तेथील समजूत अशी, कीं लहानग्याला अजून समज नाहीं, म्हणून त्याच्यावर जबरी करूं नये. स्वतःची इच्छा कोणी मोडीत नाहीं असा अनुभव ज्याला मिळाला, तें मूल समज येतांच दुसऱ्याची इच्छा मोडीत नाहीं. पांच वर्षेंपर्यंत लालन करावें असें सांगणारें आमचें सुभाषित बहुतेक वाचकांस पाठ असेल. सान पेद्रोच्या आया त्या पद्याचा पहिला चरणच आचरतात, आणि पुढील ताडनाची गरज त्यांना फारशी भासत नाहीं, असें आमच्या मनांत आलें.

यावर कोणी आई म्हणेल, “हें सगळें बाहुलीपुरतें ठीक; विळीजवळ मूल गेलें तर?” शंका योग्य आहे. परंतु याहि बाबतींत रीती किती वेगळ्या असतात पाहा. कांगोच्या इतुरी अरण्यांत एफे लोक राहतात. तेथील अकरा महिन्यांचें बाळ कोयत्यानें फळ कापीत आहे आणि मागें बसलेलें आप्त मनुष्य त्यावर नजर ठेवून आहे, असें एक छायाचित्र रोगॉफ यांच्या २००३ सालच्या ग्रंथांत आहे. मध्य आफ्रिकेंतील आका लोकांत वर्षाच्या आंतबाहेरचीं मुलेंहि लहान सुऱ्या आणि खणण्याच्या काठ्या हाताळतात, हें बॅरी ह्यूलेट यांनीं वर्षानुवर्षें अभ्यासून नोंदलें आहे. आम्हीं उद्यां बाळाच्या हातीं विळी द्यावी असा याचा अर्थ मुळींच नाहीं. त्या वस्त्यांत बाळाभोंवतीं दिवसभर चार-सहा जाणतीं माणसें हाताच्या अंतरावर असतात. आमच्या सातव्या मजल्यावरील घरांत बहुधा एकच आई असते आणि तिचाहि एक डोळा दुधाकडे असतो. पण भीतीबद्दल एक गोष्ट मात्र सर्वत्र सारखी असावी, ती ही, कीं मूल धोका प्रथम आमच्या चेहऱ्यावर वाचतें. १९८५ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत एक वर्षाच्या मुलांना एका कांचेवर रांगावयास सोडलें. पुढें कांचेखालीं सुमारें वीतभराहून अधिक खोल खड्डा दिसे. पलीकडे आई. आईनें हंसरा चेहरा ठेवला, तेव्हां १९ पैकीं १४ मुलें कांच ओलांडून गेलीं. आईनें भयभीत चेहरा केला, तेव्हां १७ पैकीं एकहि गेलें नाहीं. आई एक शब्दहि बोलली नव्हती. खऱ्या धोक्याच्या ठिकाणीं हा चेहरा मुलाचें रक्षण करतो. परंतु पाण्याची वाटी उपडी होईल म्हणूनहि आम्हीं तोच चेहरा दाखविला, तर मुलाला सगळेंच जग खोल खड्ड्यासारखें वाटावयाचें.

निर्णयाची दुसरी बाजू म्हणजे थांबणें. मुलापुढें एक खाऊ ठेवावा, ‘मी येईपर्यंत थांबलास तर दुसराहि मिळेल’ असें सांगावें, आणि तें किती थांबतें हें पाहावें, हा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग आतां बहुश्रुत झाला आहे. हाच प्रयोग जर्मनीच्या मध्यमवर्गीय घरांतील आणि कॅमेरूनमधील न्सो शेतकऱ्यांच्या घरांतील चार वर्षांच्या मुलांवर केला, त्याचा वृत्तांत २०१८ सालीं आला. जर्मन मुलांपैकीं शेंकडा सुमारें ३० थांबलीं. न्सो मुलांपैकीं शेंकडा सुमारें ७०. न्सो आया मुलांकडून लहानपणापासून संयमाची आणि आज्ञापालनाची अपेक्षा करतात. यावरून कोणी म्हणेल, ‘पाहा, शिस्तच श्रेष्ठ.’ परंतु २०२२ सालचा जपानी-अमेरिकन अभ्यास यांत भर घालतो. खाऊसाठीं जपानी मुलें अधिक वेळ थांबलीं. गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठीं अमेरिकन मुलें अधिक थांबलीं. जपानांत सर्वांचें ताट वाढून होईपर्यंत कोणी घांस घेत नाहीं. अमेरिकेंत भेटवस्तू ठरलेल्या वेळेपर्यंत न उघडण्याची घरोघर संवय असते. म्हणजे संयम हा मुलाच्या रक्तांत मोजून घातलेला नसतो. ज्या गोष्टीसाठीं घर थांबतें, त्या गोष्टीसाठीं मूल थांबावयास शिकतें. नैवेद्य दाखविल्यावांचून मोदकाला हात न लावणारीं आमचीं मुलें हें कोणत्याहि प्रयोगावांचून जाणतात. पण येथेंहि मर्म तेंच आहे: सारें घर थांबतें म्हणून मूल थांबतें, त्यासाठीं कोणी व्याख्यान देत नाहीं.

हा विचार आमच्या प्रांताला परका नाहीं. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें, आणि पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह तें वाढविलें. वारली मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या बायांनीं शाळाच पाड्यावरच्या अंगणांत नेली. माँटेसोरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांत सुरू केलेल्या बालगृहाचें तत्त्व त्यांनीं घेतलें, पण महागडीं साधनें मागवीत बसल्या नाहींत; शंखशिंपले, बिया, पानें, खडे हींच साधनें केलीं. मुलाच्या हाताला जें त्याच्या परिसरांत सांपडतें, त्यावरच त्याची बुद्धि चालूं द्यावी, हा त्यांचा आग्रह. आमच्या घरांतहि वाट्या, डब्यांचीं झांकणें, मोदपात्र, कपड्यांचे चिमटे यांची वाण नाहीं. वाण आहे ती आमच्या धीराची.

म्हणून वाचकांपुढें तीनच सूचना ठेवतों. नवी वस्तू मुलाच्या हातीं आल्यावर तिचा उपयोग लगेच सांगूं नये. तें विचारील किंवा अडेल तोंवर जवळ राहून गप्प बसावें. दिवसांतून एखाद-दोन निवडी, हा सदरा कीं तो, आधीं आंघोळ कीं आधीं दूध, खरोखर त्याच्यावर सोपवाव्या, आणि त्यानें केलेली निवड मग आपण बदलूं नये. ज्या बाबतींत निवड नाहीं, जसें रस्ता, विस्तव, औषध, तेथें निवडीचें सोंगहि करूं नये. स्पष्ट ‘नाहीं’ म्हणावें. खरें ‘नाहीं’ थोडें असलें, म्हणजे तें ऐकिलें जातें.

आम्हीं स्वतः गेल्या महिन्यांत हा नेम धरून पाहिला, आणि प्रांजळपणें सांगावयाचें तर नातवापेक्षां तो आम्हांसच जड गेला. परवां स्वयंपाकघरांत त्याच्यापुढें पांच डबे आणि पांच झांकणें मांडून आम्ही वर्तमानपत्र घेऊन शेजारीं बसलों. त्यानें मोठें झांकण लहान डब्यावर ठेवलें, तें घसरलें. पुन्हां ठेवलें, पुन्हां घसरलें. आमचा हात दोनदां पुढें झाला आणि दोनदां मागें घेतला. त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं वर्तमानपत्र वाचीत असल्याचा आव आणला. पाव घटका झाली. शेवटीं एक झांकण बसलें, आणि त्याचा ‘टप्’ असा आवाज ऐकून तो स्वतःशींच हंसला. त्यानंतर आमच्या तोंडाकडे न पाहतांच त्यानें दुसरा डबा पुढें ओढला.

त्याच्या उष्टावणाच्या दिवशीं आम्हींहि लेखणी हळूच पुढें सरकविली होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. त्यानें त्या दिवशीं काय उचललें होतें, हें आतां घरांत कोणालाच आठवत नाहीं.